कुत्र्याच्या मेंदूत गाठ: नुसत्या गोळ्या की रेडिएशन?

कुत्र्यांच्या मेंदूत सर्वाधिक आढळणारी गाठ म्हणजे मेनिंजिओमा. प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडच्या गोळ्यांनी गाठीभोवतीची सूज उतरते आणि एकाच बाजूला गोल गोल फिरणारा कुत्रा काही दिवसांत सरळ चालू लागतो. घरचे हरखतात, पण गाठ असते तिथेच. नुसत्या गोळ्यांवर बहुधा काही आठवडे, फार तर काही महिने मिळतात. शिवाय भूक-तहान बेसुमार, रात्री-अपरात्री शूला न्यायचं. फिट्ससाठी लेव्हेटिरासिटॅमची साधी गोळी (हळूहळू विरघळणारी नव्हे) असेल तर दर 8 तासांनी गजर!

रेडिएशन थेट गाठीलाच आवर घालतं. वर्षभर, कधी त्याहून जास्त मिळतं. मात्र नेहमीच्या पद्धतीत 15 ते 20 बैठका, दर वेळी पूर्ण भूल. स्टिरिओटॅक्टिक पद्धतीत, म्हणजे गाठीवर अचूक नेम धरून मोठा डोस देतात त्यात, 1 ते 5 पुरतात, पण सोय मोजक्याच ठिकाणी आणि खर्च दणदणीत. कुत्रा म्हातारा, त्यात हृदय कमजोर असेल, तर मी गोळ्यांवरच थांबेन.