इन्व्हर्टरला तांब्याची केबल: आठ महिन्यांच्या वापरानंतर

नागपूरच्या आमच्या घरात इन्व्हर्टर बैठकीच्या खोलीत आणि १५० अँपिअर-अवरची ट्यूब्युलर बॅटरी मागच्या गॅलरीत असल्यामुळे दोन्हींमधली केबल जाऊन-येऊन ५ मीटर भरते. गेल्या उन्हाळ्यात लाइन गेल्यावर दोन पंखे, कूलर, दिवे आणि टीव्ही असा सुमारे ४०० वॅटचा भार असताना पूर्ण चार्ज झालेली बॅटरीही पावणेदोन तासांत संपल्याचा इशारा मिळत असे. दुरुस्तीवाल्याने बॅटरी बदलण्याचा सल्ला दिला होता.

ऑक्टोबरमध्ये मी मल्टिमीटर लावला. भार चालू असताना बॅटरीच्या शिशाच्या खुंटांवर १२.१ व्होल्ट होते आणि इन्व्हर्टरच्या टोकाशी ११.०. इन्व्हर्टर स्वतःच्या टोकाशी पोहोचलेले व्होल्टेज पाहूनच बंद होतो, त्यामुळे वाटेत गळालेला हा १.१ व्होल्ट त्याच्या लेखी बॅटरीच उतरल्यासारखा होता.

जुन्या केबलची एक बारीक तार कापून ब्लेडने खरवडली, तेव्हा वरच्या लाल थराखाली पांढराशुभ्र धातू निघाला. तांबे म्हणून घेतलेली ती १० चौरस मिलिमीटरची केबल तांब्याचा मुलामा दिलेल्या अॅल्युमिनियमची होती. अॅल्युमिनियमचा रोध तांब्याच्या दीडपटीहून अधिक असतो आणि १२ व्होल्टवर एवढ्या भारासाठी ४० अँपिअरच्या आसपास प्रवाह वाहतो, म्हणून घरातल्या २३० व्होल्टच्या वायरिंगमध्ये जाणवणार नाही असा फरक इथे चांगलाच भोवतो. केबलच्या दोन तारांत मिळून ०.५४ व्होल्ट जात होते, म्हणजे सुमारे २१ वॅट नुसती केबल तापवण्यात खर्च होत होते.

सीताबर्डीहून १६ चौरस मिलिमीटरची शुद्ध तांब्याची केबल आणली. दाम दुपटीहून अधिक पडले. केबलमधली घट ०.२२ व्होल्टवर आली, तरीही एकूण घट पाऊण व्होल्टच्या खाली जाईना, तेव्हा मी खरोखर खट्टू झालो. उरलेली घट सांध्यांमध्ये होती. धन टर्मिनलवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड साचली होती आणि कुणीतरी लग (केबलच्या टोकाला बसवलेली धातूची कडी) व खुंट यांच्या मधोमध स्टीलचा वॉशर घातला होता. त्या पातळ चकतीचा स्वतःचा रोध नगण्यच असतो. पण तिच्यामुळे एका सांध्याचे दोन सांधे झाले आणि दोन्हींवर गंज चढला. पितळेच्या क्लॅम्पविषयीही माझे हेच मत झाले आहे. पितळ तांब्याच्या जेमतेम चौथाई वीज वाहते, पण प्रवाहाला त्यातून दोन-तीन सेंटिमीटरच जायचे असते, त्यामुळे घासून लख्ख केलेले पितळ मळलेल्या तांब्यापेक्षा केव्हाही बरे.

खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने खुंट पुसले, पाणी बॅटरीच्या आत जाऊ दिले नाही, मग पॉलिश पेपरने घासून लग थेट खुंटावर बसवला, वॉशर नटाखाली घातला आणि सांधा कसल्यावर वरून व्हॅसलीन लावले. लग हातोडीने ठोकलेले नव्हते, दुकानातून यंत्राने क्रिम्प करून, म्हणजे केबलवर दाबून घट्ट बसवून, आणले होते. एकूण घट ०.२८ व्होल्टवर आली.

यंदाच्या मे महिन्यात गॅलरीत ४५ अंशांची भट्टी असताना तीच घट ०.३१ भरली, २० अंशांपासून तेवढे तापल्यावर तांब्याचाही रोध दहा टक्क्यांनी वाढतो, त्यामुळे मला त्यात वावगे वाटले नाही. त्याच बॅटरीवर, त्याच भाराने आता जवळपास अडीच तास निघतात. गैरसोय एकच आहे. ही केबल फार ताठ असल्यामुळे तिचा ताण टर्मिनलवर येतो, म्हणून भिंतीवर दोन ठिकाणी क्लिपा ठोकाव्या लागल्या, आणि तरीही दर तीन महिन्यांनी नट तपासताना एखादा पाव आटा सैल झालेला सापडतोच.