चार कॉइलचे पैसे घेतले, बदलली एकच

गणपतीला पेट्रोल गाडी घेऊन गावी येणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. चतुर्थीच्या तोंडावर मुंबई-गोवा महामार्गावर ज्याची गाडी बंद पडते, त्याला काहीही करून पुढे जायचं असतं. गॅरेजवाल्याला हे पक्कं ठाऊक असतं. सगळेच त्याचा फायदा घेतात असं मुळीच नाही. मला लुटणाराही कोकणातलाच आणि सोडवणाराही.

परशुराम घाट चढताना गाडी मिसिंग मारायला लागली. रेस दिली की धक्के, पिकअप नाही, आणि इंजिनचा पिवळा दिवा चढावर लुकलुकायला लागला. हा दिवा नुसता लागलेला असेल तर थोडं थांबता येतं, लुकलुकत असेल तर नाही. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो तापून खराब होतो. त्याची किंमत कॉइलच्या, म्हणजे प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या भागाच्या, कितीतरी पट. चिपळुणात दोन-तीन गॅरेजांत रांग होती, म्हणून हळूहळू पुढे सरकत संगमेश्वराच्या अलीकडे एका ठिकाणी गाडी लावली.

माणूस बोलायला अतिशय गोड. आईला पंख्याखाली खुर्ची दिली, चहा मागवला. स्कॅनर लावला, बिघाडाचा कोड आला पी०३५२. मोबाइल माझ्यासमोर धरून म्हणाला, "साहेब, कॉइल गेली. आणि एक गेली म्हणजे चारही गेल्याच समजा. एकच नवी टाकली तर ती बाकीच्यांना खाते." मग आवाज खाली आणून, "कॉम्प्युटरपण जायच्या मार्गावर आहे, पण तो मी सांभाळून घेतो." पाऊस वाढला तसं, "साहेब, भिजताय कशाला, आत बसा," असा आग्रह. आत बसलं की बोनेट दिसत नाही, हे वेगळं सांगायला नको.

एका कॉइलचे २,४०० प्रमाणे चारचे ९,६०० आणि मजुरी १,६००, असे ११,२०० रुपये झाले. जुन्या कॉइल मागितल्या तर म्हणे कंपनीला परत कराव्या लागतात. बिल म्हणजे पॅडच्या कागदावर पेनाने लिहिलेले आकडे. ना नंबर, ना जीएसटी. पैसे मी यूपीआयने दिले, त्यामुळे तेवढा पुरावा तरी राहिला. गाडी सुरू केली, दिवा गेलेला, इंजिन शांत. राजापूर मागे टाकलं आणि खारेपाटणच्या अलीकडे, भर पावसात, पुन्हा तेच धक्के आणि तोच दिवा. रखडत रखडत कुडाळ गाठलं.

कुडाळात एक वयस्कर वायरमन आहेत, त्यांना सगळे तात्या म्हणतात. त्यांनी आधी चारही कॉइल काढून मडगार्डवर फडकं पसरून त्यावर ओळीने मांडल्या. तिघींच्या रबरी नळीवर तपकिरी तेलाचं कडं उमटलेलं. मागे रॉकर कव्हरचं, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाचं, गॅस्केट गळून प्लगच्या खाचांत ऑइल उतरलं होतं, त्याचे हे डाग. चौथीचं रबर कोरं, पण अंगावर ना कंपनीचं नाव, ना पार्ट नंबर.

तात्या म्हणाले, "नवी कॉइल तेलात बुडान येता काय? किती घेतल्यान?"

आकडा सांगितला.

"बरो चुनो लावल्यान तुमका."

म्हणजे चारचे पैसे घेऊन बदलली एकच, तीही लोकल. बाकीच्या तीन पेट्रोलने पुसून जागच्या जागी परत. आणि खरा दोष कॉइलमध्ये नव्हताच.

पी०३५१ ते पी०३५४ हे कोड अनुक्रमे पहिल्या ते चौथ्या कॉइलच्या सर्किटचे. गाडीचा कॉम्प्युटर कॉइलमधला करंट वाहू देतो आणि नेमक्या क्षणी तोडतो. त्या तोडण्यातून हजारो व्होल्ट उठतात आणि प्लगवर ठिणगी पडते. यात काही बिघडलं की कॉम्प्युटर कोड टाकतो, पण बिघाड कॉइलमध्ये आहे, कपलरमध्ये (कॉइलला वायरी जोडणाऱ्या टोकात) आहे की वायरमध्ये, हे कोडवरून ठरत नाही. ते ठरवायची सोपी युक्ती म्हणजे बदलाबदली. तात्यांनी दुसऱ्या नंबरची कॉइल तिसऱ्याला घातली, तिसऱ्याची दुसऱ्याला, कोड पुसला आणि गाडी चालवली. कॉइल खराब असती तर कोड तिच्याबरोबर तिसऱ्यावर जाऊन पी०३५३ आला असता. आला पुन्हा पी०३५२.

मग कपलर. मीटरने बॅटरीचे पुरते व्होल्ट दाखवले. इथेच पुष्कळ मेकॅनिक सप्लाय ठीक म्हणून मोकळे होतात. तात्यांनी बारा व्होल्टचा टेस्ट बल्ब घेतला, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं कपलरच्या सप्लायच्या पिनेला. बाकीच्या तीन कपलरांवर बल्ब लख्ख पेटला, दुसऱ्यावर नुसता लालसर. मीटर जवळपास करंट ओढतच नाही, म्हणून गंजलेल्या पिनेतूनही त्याला व्होल्ट दिसतात. बल्ब ओढतो, तेव्हा पितळ उघडं पडतं. (हा बल्ब फक्त सप्लायला लावायचा. सिग्नलची वायर थेट कॉम्प्युटरला जाते, तिला लावलात तर कॉम्प्युटर खरंच जाऊ शकतो.) पिन उपसून दाखवली तर ती हिरवीगार, नखाने खरवडली की पूड पडत होती.

मे महिन्यात गाडी देवबागला समुद्राकाठी उघड्यावर उभी होती. वायपरखालच्या प्लास्टिकचं रबर सरकलेलं, त्यामुळे पावसाचं पाणी नेमकं दुसऱ्या कपलरवर टपकत होतं. खारी हवा आणि वरून पाणी, आणखी काय हवं? संगमेश्वरला गाडी सुधारली ती एवढ्यामुळेच, की कॉइल काढताना कपलर ओढून परत दाबला गेला आणि पिना एकमेकींवर घासून तात्पुरत्या साफ झाल्या. नवा कपलर, रबर आणि मजुरी मिळून तात्यांनी ४५० रुपये घेतले.

एक नवी कॉइल बाकीच्यांना खाते, ही शुद्ध थाप. प्रत्येक सिलेंडरवर स्वतंत्र कॉइल असलेल्या गाडीत एक गेली तर एकच बदलायची. बदलाबदली आपल्यासमोर करायला सांगा. बहुतेक गाड्यांत कॉइलला एक बोल्ट आणि एक कपलर, फार वेळ लागत नाही. जो करायला का-कू करेल त्याच्याकडून कोड पुसूनही घेऊ नका, दिवा गेला की पुढच्या मेकॅनिकला धागा सापडायला वेळ लागतो. काम सुरू व्हायच्या आधी कॉइलवरच्या पार्ट नंबरांचे फोटो काढा आणि जुने पार्ट परत घेणार हे तेव्हाच सांगून टाका, बिल झाल्यावर नव्हे.

तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. तिथे काही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यातही दावा लावता येतो, संगमेश्वरच्या भांडणासाठी रत्नागिरीच्या खेपा घालायची गरज नाही. मुदत दोन वर्षं, आणि एवढ्याशा रकमेला फी नाही. मी तेलाच्या डागांचे फोटो, यूपीआयची नोंद आणि तो पॅडचा कागद जोडून हेल्पलाइनवर तक्रार टाकली आहे. त्यानंतर गॅरेजवाल्याचा फोन आला: पाच हजार परत देतो, तक्रार मागे घ्या. मी तीन कॉइलचे ७,२०० मागितले आहेत, आणि ते हातात पडेपर्यंत तक्रार मागे घेणार नाही.