तुर्नियेची सोनातीन की तायफेरची सोनाट?

हार्पवर चार-पाच वर्षं घालवली, हासलमान्स आणि रनिए या हार्पवादक रचनाकारांचे छोटे तुकडे हातात बसले, की शिक्षिका म्हणतात, आता एखादी सोनाट (अनेक भागांची मोठी वाद्यरचना; सोनातीन म्हणजे तिचं छोटं रूप) घ्या. फ्रेंच रचनांमध्ये तेव्हा दोन नावं समोर येतात: मार्सेल तुर्नियेची 'सोनातीन' (ओपस ३०, १९२४) आणि जेर्मेन तायफेरची 'सोनाट' (१९५३). दोन्ही एकट्या हार्पसाठी, दोन्ही तीन भागांच्या. कामानिमित्त फ्रान्समध्ये आल्यावर उशिरा हार्प शिकायला लागलेल्या माझ्यासारख्या हौशी माणसाला परीक्षेसाठी यातली एक निवडायची होती. मी आधी तुर्निये घेतली, पाच महिने वाजवली आणि सोडली.

सोडली म्हणून ती डावी ठरत नाही. तुर्निये स्वतः हार्पवादक, १९१२ ते १९४८ पॅरिसच्या कॉन्झर्व्हातुआर या संगीत विद्यालयात हार्पचा प्राध्यापक. बोटं कुठे सहज पडतात आणि तार कुठे जास्त गोड बोलते, हे त्याला पाठ होतं. हार्मोनिक्स (तार मध्ये हलकेच अडवून काढलेले वरचे, घंटेसारखे सूर) काय, दोन शेजारच्या तारा एकाच सुरावर आणून केलेली कुजबुज काय, सगळं वाद्याच्या पोटातून निघालेलं वाटतं. घरी पाहुणे आले आणि 'काहीतरी वाजव ना' झालं, तर मी आजही तुर्नियेचाच पहिला भाग काढतो. पाहुणे खूश होतात. तायफेर वाजवली की म्हणतात, 'छान, पण हार्पसारखं नाही वाटलं.'

माझं घोडं अडलं ते दुसऱ्या भागात. 'शांत आणि भावपूर्ण' असं वर लिहिलेलं, पण पाय शांत राहतील तर शपथ! स्वररंग दर दोन मात्रांनी पालटतो आणि प्रत्येक पालटामागे एखादं पेडल (पायाने हलवून तारांचा सूर चढवायचं-उतरवायचं) असतं, कधी एकाच पायाची दोन. माझ्या प्रतीवर छापील सुरांपेक्षा पेन्सिलीच्या खुणा जास्त. त्यात माझी हार्प भाड्याची, पेडलच्या खाचेतला फेल्ट, म्हणजे आवाज दाबणारा लोकरी कापडाचा तुकडा, झिजलेला. एकदा फोनवर रेकॉर्ड करून ऐकलं तर मंद सुरांच्या मागे कुणीतरी खडावा घालून जिना उतरतंय. वर तार कंपत असताना पेडल जरा उशिरा हललं की पेडलने फिरणारी, सूर बदलणारी चकती तारेला घासून झर्र होतं ते वेगळं.

शिक्षिकेने उपाय सांगितले: पातळ तळाचे बूट, टाच जमिनीला, पेडल सोडायचं नाही तर पायाने सोबत नेऊन ठेवायचं. फेल्टही बदलून घेतला. आवाज खरंच निम्म्यावर आला. पण तोवर माझे कान पायांना लागले होते. सूर वाजवायच्या आधी मी खटक्याची वाट पाहायचो. ही रचनेची चूक नव्हे, चांगल्या वाद्यावर, चांगल्या पायांखाली हे जाणवतही नसेल. माझ्या पायांखाली जाणवत होतं, एवढंच.

गंमत म्हणजे बेरिओच्या 'सेक्वेन्झा २' मध्ये हाच खटका संगीताचा भाग आहे. रचनाकार इटालियन, पण ती लिहिली फ्रान्सिस पियेर या फ्रेंच हार्पवादकासाठी, १९६३ मध्ये. तिथे पेडलचा आवाज मुद्दाम काढायचा असतो. ती वाजवायची माझी कुवत नाही, नाहीतर झिजलेल्या फेल्टचं सोनं झालं असतं.

तायफेर हार्पवादक नव्हती. 'सहा जणां'च्या (ले सिस) फ्रेंच रचनाकारांच्या गटातली ती एकटी बाई. पण तरुणपणीच तिने मादाम तार्दियू या हार्पशिक्षिकेसाठी छोट्या अभ्यासतुकड्यांची वही लिहिली होती, त्यामुळे वाद्य तिला परकं नव्हतं. सोनाट तिने निकानोर साबालेता या बास्क हार्पवादकासाठी लिहिली, आणि त्याचा स्वच्छ, कोरडा सूर डोक्यात ठेवून लिहिल्यासारखी ती वाटते. ओळी सरळ, स्वरवाक्यं आखूड, धुकं नाही. मधला 'लेंतो', म्हणजे संथ भाग, माझ्या पायांना बऱ्यापैकी विश्रांती देतो, आणि तिथेच माझा निर्णय झाला. तिसऱ्या 'पेर्पेतुऊम मोबिले'मध्ये, म्हणजे न थांबता धावणाऱ्या भागात, पाय पुन्हा कामाला लागतात, पण बोटं इतकी धावत असतात की खटका त्यात बुडून जातो.

तिचा त्रास वेगळ्या जागी आहे. खर्जाच्या तारा एकदा वाजल्या की घुमत राहतात. तुर्नियेत हे घुमणं शोभतं, इथे ते ओळ पुसून टाकतं. तळहाताने तारा दाबत राहावं लागतं, आणि हे दाबणं प्रतीत सगळीकडे लिहिलेलं नाही, कानानेच ठरवायचं. साबालेताने पुढे आठवं पेडल असलेली हार्प बनवून घेतली, खालच्या तारा थांबवण्यासाठीच. आपल्याकडे सातच. शिवाय तायफेरमध्ये एक सूर चुकला तर सगळ्यांना कळतो. तुर्नियेत, खासगीत सांगतो, बरंच काही खपून जातं.

तुमची हार्प स्वतःची असेल, नुकतीच नीट लावून घेतलेली असेल आणि ऐकणाऱ्यांना हार्प म्हणजे झुळझुळ हवी असेल, तर तुर्निये घ्यायला हरकत नाही. छोट्या खोलीत, भाड्याच्या वाद्यावर, परीक्षकांसमोर वाजवायचं असेल तर मी तरी तायफेरकडेच झुकेन. लांबीही सोयीची, साधारण दहा मिनिटं. याहून नवं हवं असेल तर बेर्नार आंद्रेसची 'आब्सिदिओल' (१९७४) एकदा ऐका, पण तो वेगळा विषय.

तायफेर घेतलीत तर सुरुवात तिसऱ्या भागापासून करा, मेट्रोनोम अर्ध्या गतीवर ठेवून. पहिला भाग महिन्याभरात बसतो. तिसरा माझा अजून बसतोय.