स्विच मॅनेज्ड, सेटिंग शून्य : १,३९,२४० रुपयांचा अनुभव

मॅनेज्ड स्विच, म्हणजे कॉम्प्युटर-कॅमेरे वायरीनं एकमेकांना जोडणारा आणि आतून सेटिंग करता येणारा डबा, खोक्यातून काढला, वायरी खोचल्या आणि वीज दिली की लगेच चालू होतो. कॉम्प्युटर एकमेकांना दिसतात, इंटरनेट येतं, हिरवे दिवे लुकलुकतात. त्यात एकही सेटिंग केलेली नसली तरी हेच होतं. कारण कारखान्यातून येतानाच त्याचे सगळे पोर्ट (वायर खोचायच्या जागा) एकाच व्हीलॅनमध्ये, म्हणजे एकाच स्विचवर पाडता येणाऱ्या वेगवेगळ्या नेटवर्कांपैकी एकात, व्हीलॅन १ मध्ये टाकलेले असतात आणि तो बाजारातल्या साध्या स्वस्त स्विचसारखा निमूटपणे चालत राहतो. आमच्याकडून सेटिंगचे वेगळे पैसे घेऊन नेमकं हेच आमच्या गळ्यात मारलं, आणि बरेच महिने कुणाला पत्ता लागला नाही.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं टेरी टॉवेलचं युनिट आहे. मागे लूम आणि शिलाई, बाजूला गोडाऊन, पुढे ऑफिस. अकाउंट्स टॅलीवर, हजेरीचं मशीन दारात, कॅमेरे सगळीकडे, आणि माल बघायला येणाऱ्या पार्ट्यांसाठी वायफाय. हे सगळं वर्षानुवर्षं जोडत गेलेल्या पाच-आठ पोर्टांच्या छोट्या स्विचांवर लटकलेलं होतं. कॅमेऱ्यांचं चित्र आणि टॅली एकाच बारीक वाटेनं जायचं, त्यामुळे महिनाअखेरीला बिलं काढताना सगळं अडकायचं. शिवाय एका मोठ्या पार्टीनं तपासणीत विचारलं होतं, पाहुण्यांचं वायफाय आणि ऑफिसचं नेटवर्क वेगळं आहे का? म्हणून मॅनेज्ड स्विच घ्यायचं ठरलं.

काम शहरातल्याच एका माणसाला दिलं. प्रकरण वकिलाकडे आहे, म्हणून नाव लिहीत नाही. त्याचं कोटेशन असं होतं : २४ पोर्टचा पीओई (नेटवर्कच्या केबलमधूनच वीजही देणारा) मॅनेज्ड स्विच ७२,०००, रॅक, पॅच पॅनेल आणि कॅट सिक्स केबल ३१,०००, कॉन्फिगरेशन १५,०००. एकूण १,१८,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी २१,२४०. खाली एक ओळ, ‘व्हीलॅन लायसन्स : पहिलं वर्ष फ्री’. फुकट मिळतंय म्हटल्यावर त्या ओळीवर कोण बोट ठेवणार!

ठरल्या दिवशी दोन पोरं आली. रॅक ठोकला, वायरी ओढल्या. संध्याकाळी हा स्वतः आला, लॅपटॉप लावला, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं सरसर वर गेली. एका ठिकाणी थांबवून म्हणाला, “हे बघा मालक, व्हीलॅन तयार. अकाउंट्स वेगळं, कॅमेरे वेगळे, पाहुणे वेगळे. आता टेन्शनच घेऊ नका ओ.” पडद्यावर खरोखरच एक यादी होती. आमच्या अकाउंट्सच्या मॅडमना प्रत्येक गोष्टीचा फोटो काढून ठेवायची सवय आहे, त्यांनी त्या पडद्याचाही काढला. पुढे सगळी केस त्या एका फोटोवर उभी राहिली.

पहिली कुरकुर गोडाऊनच्या कॅमेऱ्यांची. दिवसा ठणठणीत, अंधार पडला की बंद-चालू, बंद-चालू. फोन केला की उत्तर ठरलेलं, “एमआयडीसीचं व्होल्टेज रात्री वर-खाली होतं मालक, स्टॅबिलायझर घ्या.” स्टॅबिलायझरही त्याच्याकडेच होता, हे वेगळं सांगायला नको.

दुसरी गोष्ट पाहुण्यांसमोर झाली. एका पार्टीचा माणूस आमच्या गेस्ट वायफायवर होता. त्यानं मोबाईलवरून कसलीशी ऑर्डरची प्रत छापायला दिली आणि कागद थेट अकाउंट्सच्या प्रिंटरमधून बाहेर आला. तो हसला, पण वेगळं नेटवर्क असेल तर हे होऊच शकत नाही, एवढं त्यालाही कळत होतं. फोन केल्यावर या महाशयांनी सांगितलं की व्हीलॅनचं लायसन्स संपत आलंय, म्हणून असं व्हायला लागलंय. रिन्युअलचे १८,००० भरा, नाहीतर हळूहळू सगळंच बंद पडेल. स्विचचा पासवर्ड मागितला तर म्हणाला, “पासवर्ड कस्टमरला देत नाही, कंपनीची पॉलिसी आहे.”

माझा भाचा पुण्यात नेटवर्किंगच्या कामात आहे. गड्ड्याच्या यात्रेला घरी आला होता, तेव्हा त्याला कारखान्यात घेऊन गेलो. त्यानं स्विचला हात लावायच्या आधी माझा मोबाईल गेस्ट वायफायला जोडला आणि त्याचा आयपी पत्ता बघितला. मग टॅलीच्या कॉम्प्युटरचा बघितला. दोन्हीकडे सुरुवात १९२.१६८.१ अशीच. “मामा, इथं काहीच वेगळं केलेलं नाही,” म्हणाला. वेगळ्या व्हीलॅनला सहसा पत्त्यांची वेगळी मालिका देतात. एखाद्याची १० नं असेल तर दुसऱ्याची २० नं. हे बघायला इंजिनिअर लागत नाही, मोबाईलच्या वायफाय सेटिंगमध्ये पत्ता दिसतो.

पुढचा प्रश्न त्यानं विचारला तो मला जास्त झोंबला. “यानं तुमच्या राउटरबद्दल काही विचारलं होतं का?” अजिबात नाही. आमच्याकडे ब्रॉडबँडवाल्यानं दिलेला साधा डबा होता. व्हीलॅन पाडले की प्रत्येकाला इंटरनेटकडे न्यायला आणि कोणी कोणाकडे जायचं ते ठरवायला व्हीलॅन समजणारा राउटर किंवा फायरवॉल लागतो. वायफायच्या डब्यालाही ऑफिसचं आणि पाहुण्यांचं नाव वेगवेगळ्या व्हीलॅनला बांधता यावं लागतं. ज्यानं यातलं काही विचारलं नाही, त्याचा व्हीलॅन करायचा बेतच नव्हता.

मग स्विच. अंगावर सिस्कोचं नाव आहे. या कंपनीच्या जुन्या पद्धतीच्या सिरियल नंबरात तीन अक्षरं, मग चार आकडे आणि मग आणखी चार खुणा असतात. मधल्या चारपैकी पहिल्या दोन आकड्यांत १९९६ मिळवले की तयार झाल्याचं साल मिळतं, पुढचे दोन आकडे म्हणजे वर्षातला आठवडा. आमच्या स्विचवर १५३८ होतं. म्हणजे २०११ सालातला ३८ वा आठवडा. ‘ब्रँड न्यू, सील पॅक’ म्हणून ७२,००० रुपये मोजलेली वस्तू आमच्या दारात यायच्या कितीतरी आधी कुठेतरी राबून झालेली होती. कंपनीनं त्या मालिकेची विक्री आणि सपोर्ट दोन्ही केव्हाच बंद केलंय, म्हणजे सुरक्षेचे नवे अपडेटही नाहीत. दोष कंपनीचा नाही, जुना माल नवा म्हणून विकणाऱ्याचा आहे. खोकं मात्र नवंकोरं होतं. खोकं आणि स्टिकर छापायला काय लागतं?

पासवर्ड नसला तरी स्विच समोर असेल तर आत जाता येतं. या मालिकेत समोरचं मोड बटण दाबून धरत वीज द्यायची आणि कन्सोलची केबल लावायची. भाच्यानं तसं केलं आणि व्हीलॅनची यादी काढली. यादी होती! पण नावं काय, तर ओपीडी, फार्मसी, लॅब, वॉर्ड. टॉवेलच्या कारखान्यात ओपीडी कशाला? हा स्विच कुठल्यातरी दवाखान्यातून भंगारात निघालेला. या स्विचांची मुख्य सेटिंग पुसली तरी व्हीलॅनची यादी वेगळ्या फाईलमध्ये राहते, ती मुद्दाम पुसावी लागते. आमच्या माणसानं तेवढेही कष्ट घेतले नव्हते. उलट तीच यादी आम्हाला ‘व्हीलॅन तयार’ म्हणून दाखवली. मॅडमच्या फोटोत झूम करून बघितलं तर हीच नावं. त्या यादीत प्रत्येक व्हीलॅनच्या नावासमोर त्याच्या वाट्याचे पोर्ट लिहिलेले असतात. आमच्या फोटोत सगळे पोर्ट पहिल्या ओळीत, ‘डिफॉल्ट’समोर, आणि ओपीडी-फार्मसीसमोर कोरं. पंधरा हजारांचं कॉन्फिगरेशन ते हेच.

झाकण उघडलं तेव्हा पंख्यावर आमच्या सुताची पांढरी रुई होती, आणि तिच्याखाली काळपट, चिकट जुन्या धुळीचा थर. आमच्याकडे तसली धूळ नाहीच.

कॅमेऱ्यांचंही कोडं सुटलं. रात्री कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात, तेव्हा त्याला जास्त वीज लागते, आणि पीओईत ती वीज नेटवर्कच्याच केबलमधून जाते. गोडाऊनपर्यंतची केबल लांब. भाच्यानं एक तार ब्लेडनं खरवडली तर वरची तांबूस झिलई निघून आत पांढरट अल्युमिनियम. अल्युमिनियमचा विद्युतरोध तांब्याच्या सुमारे दीडपट, त्यामुळे लांबवर वीज पोचेपर्यंत दाब पडतो आणि कॅमेरा झोपतो. व्होल्टेज एमआयडीसीचं नाही, आमच्याच भिंतीतलं कमी पडत होतं. केबलच्या वेष्टणावर मात्र कॅट सिक्स ठळक छापलेलं. टॉवेल जीएसएममध्ये (चौरस मीटरला किती ग्रॅम) विकतो तेव्हा गिऱ्हाईक काट्यावर टाकून बघतं, तशी केबलची तार खरवडून बघायला अर्धा मिनिट पुरतो, आणि ते वायर ओढायच्या आधी करायचं.

लायसन्सची गोष्ट तर निव्वळ बनाव. व्हीलॅन हा ८०२.१क्यू या जाहीर मानकाचा भाग आहे आणि या प्रकारच्या स्विचमध्ये तो आतच असतो, त्याला वार्षिक भाडं नाही. क्लाउडवरून चालणाऱ्या काही स्विचांना खरंच दरवर्षी लायसन्स लागतं, हे मान्य. पण ते कंपनीच्या नावानं, तुमच्या खात्यात नोंदलं जातं, कुणाच्या खाजगी यूपीआयवर १८,००० पाठवून नाही.

कागद बघायला घेतले तर तिथेही तेच. बिलावर सिरियल नंबर नाही. बिल दुसऱ्याच नावाच्या फर्मचं. जीएसटीच्या पोर्टलवर कुणालाही नंबर टाकून बघता येतो. तो नंबर मोबाईल ॲक्सेसरीजच्या धंद्याचा निघाला आणि नोंदणी रद्द झालेली. १ जानेवारी २०२२ पासून विकणाऱ्यानं बिल त्याच्या रिटर्नमध्ये दाखवलं आणि ते आपल्या टूबीमध्ये (जीएसटीआर-२बी, पोर्टलवर दिसणारी आपल्या खरेदीबिलांची यादी) आलं, तरच इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या टॅक्सची वजावट, मिळतं. आमच्या सीएनी बघितलं, बिल आलेलंच नव्हतं. म्हणजे २१,२४० रुपये टॅक्स म्हणून दिले ते सरकारकडे गेलेच नाहीत, सरळ याच्या खिशात गेले.

जाब विचारला तर आधी आवाज चढवला, मग “मालक, माझीपण फसवणूक झाली ओ” असा रडका सूर, मग फोन उचलणं बंद. ग्राहक आयोगाकडे जायचा विचार केला, पण वकिलांनी थांबवलं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे व्यावसायिक कारणासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार ‘ग्राहक’ धरला जात नाही. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार करणाऱ्याला त्यात सूट आहे, म्हणजे एकट्यानं दुकान चालवणाऱ्याचा अर्ज टिकू शकतो, आमच्यासारख्या युनिटचा अवघड. म्हणून नोटीस पाठवली आणि पोलिसांकडे लेखी अर्ज दिला. पूर्वी ज्याला चारशेवीस म्हणायचो ते १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे. अर्जाला मॅडमचा फोटो, सिरियल नंबरचा फोटो, जीएसटी पोर्टलचा स्क्रीनशॉट आणि खरवडलेली तार एका पिशवीत, असं सगळं जोडलं. नोटीस पोचल्यावर १५,००० यूपीआयवर परत आले, कसलाही मजकूर न लिहिता. बाकीच्या पैशांचं अजून भिजत घोंगडं.

आता दुसरा स्विच अधिकृत विक्रेत्याकडून घेतलाय. बिलावर मॉडेल आणि सिरियल नंबर आहे, आणि तोच नंबर स्विचच्या आतल्या माहितीतही निघतो का, ते पैसे द्यायच्या आधी लॅपटॉपवर बघून घेतलं. गोडाऊनची केबल नव्यानं ओढली. शेवटचा हप्ता देण्याआधी पाहुण्यांच्या वायफायवरून टॅलीच्या कॉम्प्युटरला पिंग करून, म्हणजे तिथून उत्तर येतं का ते तपासून, दाखवायला लावलं. उत्तर आलं नाही, ते बघून चेक दिला. ॲडमिनचा पासवर्ड मीच टाइप केला आणि तो बंद पाकिटात कपाटात आहे. सेटिंगची फाईल पेनड्राइव्हवर घेतली, आणि कुठला पोर्ट कशाला दिलाय त्याचा कागद रॅकच्या दाराला आतून चिकटवला. यातल्या कुठल्याही गोष्टीला नीट काम करणारा माणूस का-कू करत नाही, नव्या माणसानं तर कागद स्वतःहून आणला होता.

मध्यंतरी चिंचोळी एमआयडीसीतल्या एका ओळखीच्या मालकांनी सल्ल्यासाठी त्यांना आलेलं कोटेशन दाखवलं. फर्मचं नाव नवीन, पण सिरियल नंबरचा रकाना नाही, राउटरचा उल्लेख नाही आणि तळाला तीच ओळ, ‘व्हीलॅन लायसन्स : पहिलं वर्ष फ्री’. मोबाईल नंबरही तोच. त्याची एक प्रत मी मागून घेतली आणि दुसऱ्या दिवशी वकिलांच्या ऑफिसात देऊन आलो.