प्लिकर्स: पोरांच्या हातात कागद, मॅडमच्या हातात फोन

प्लिकर्स हे वर्गातल्या सगळ्यांची उत्तरं एकदम टिपणारं अ‍ॅप नवीन वगैरे नाहीये, शाळेतले शिक्षक कित्येक वर्षं वापरतायत, पण कॉलेजात कोणी हात लावत नाही कारण "कार्डं काय वर करायला लावताय, बालवाडी आहे का" हे स्टाफरूममधलं ठरलेलं वाक्य. मी तालुक्याच्या गावी एफवायबीएस्सीला फिजिक्स शिकवते, तेही तासिका तत्त्वावर, त्यामुळे माझ्या दृष्टीने पहिला मुद्दा हाच की हे फुकटात चालतं. छपाईचा खर्च काय तो आपला.

आता आहे काय ते सांगते. प्रत्येक मुलाला एक कार्ड द्यायचं. त्यावर क्यूआर कोडसारखी, पण जरा ठसठशीत काळी आकृती असते, प्रत्येक कार्डाची वेगळी, आणि आकृतीच्या चार बाजूंना अगदी बारीक ए बी सी डी. आपण प्रश्न टाकायचा, ज्याला जे उत्तर वाटतं ती बाजू वर करून त्याने कार्ड धरायचं, मग फोनमध्ये अ‍ॅप उघडून कॅमेरा वर्गावरून सावकाश फिरवायचा, झालं. कार्ड कोणाचं आणि कुठली बाजू वर आहे हे अ‍ॅप ओळखतं आणि स्क्रीनवर नावं दिसायला लागतात, बरोबर असेल तर हिरवं, चूक असेल तर लाल. पोरांना फोन नको, नेटपॅक नको, लॉगिन नको. प्रोजेक्टर असला तर छान, नसला तर प्रश्न फळ्यावर लिहा, काही अडत नाही.

फोनवरच्या क्विझ अ‍ॅप्सचं माझं फार जमलं नाही. आमच्याकडे वायफाय म्हणजे ऑफिसच्या दारापर्यंत, कोणाचं रिचार्ज संपलेलं, कोणाचा फोन भावाकडे, आणि ज्याच्याकडे सगळं आहे तो जॉइन होता होता इन्स्टावर. शिवाय लवकर बटण दाबेल त्याला जास्त मार्क हा प्रकार. फिजिक्समध्ये मला पोरं थांबून विचार करायला हवीयेत, पळायला नाही.

खरी गंमत पहिल्या स्कॅनलाच कळते. आपण वर्षानुवर्षं "कळलं का?" विचारतो, "हो मॅडम" येतं, आपण पुढे जातो, पण ते हो पुढच्या दोन बेंचांचं असतं आणि मागचे वहीत मान घालून बसलेले असतात. मी न्यूटनच्या तिसऱ्या नियमावर प्रश्न टाकला: भरधाव एसटीच्या काचेवर माशी आपटली, बल कोणावर जास्त? माशीवर, एसटीवर, दोघांवर सारखंच, की सांगता येणार नाही? आता हा नियम नववीला झालेला, क्रिया-प्रतिक्रिया झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवतील, आणि स्क्रीन बघते तर जवळपास निम्मी नावं लाल, सगळे माशीवाले. त्यात नियमाची व्याख्या पाठ असणारी हुशार मंडळीही होती.

यानंतर जे करायचं तेच महत्त्वाचं, आणि ते अ‍ॅपमध्ये नाहीये. उत्तर सांगायचं नाही. शेजारच्याला पटवा म्हणायचं, दोन-तीन मिनिटं द्यायची, परत स्कॅन करायचं. एरवी तोंड न उघडणारा एक मुलगा मागे वळून भांडत होता, "अरे माशी मेली म्हणून बल जास्त कसं, बल सारखंच, तिचं वस्तुमान किती ते बघ ना, म्हणून तिचं त्वरण जास्त." हे मी फळ्यावर लिहिलं असतं तर वहीत गेलं असतं आणि वहीतच राहिलं असतं. दुसऱ्या स्कॅनला बऱ्यापैकी हिरवळ.

ही पद्धत माझ्या डोक्यातून आलेली नाही बरं का. हार्वर्डचे फिजिक्सचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी 1990 च्या दशकात हे सुरू केलं, पीअर इन्स्ट्रक्शन म्हणतात त्याला. ढोबळ नियम असा की 30 ते 70 टक्के उत्तरं बरोबर असतील तर पोरांना आपसात बोलू द्या, 30 च्या खाली असतील तर तुम्हीच परत शिकवा, 70 च्या वर गेलं की पुढे चला. कार्डं नसली तर बोटं वर करायला लावूनही जमतं, पण बोटं बघून पोरं उत्तर बदलतात. कार्डावर सगळ्यांच्या आकृत्या वेगळ्या आणि अक्षरं बारीक, त्यामुळे शेजारच्याने काय धरलंय ते पटकन कळत नाही, आणि बुजरी पोरंही बिनधास्त चुकतात.

"पोर्शन कधी संपवणार" हा प्रश्न येणारच. वेळ जातो, खोटं कशाला बोलू, मी एका तासाला दोन प्रश्नांच्या पुढे जात नाही. पण 2014 मध्ये विज्ञान, इंजिनिअरिंग आणि गणिताच्या वर्गांवरच्या 225 अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला होता, त्यात मुलांना असं सहभागी करून घेणाऱ्या वर्गांच्या तुलनेत नुसत्या लेक्चरच्या वर्गातली मुलं नापास व्हायची शक्यता दीडपट निघाली. पोर्शन संपवून रिपीटर वाढवायचे का, हे ज्याचं त्याने बघावं.

आता मर्यादा. जास्तीत जास्त 63 कार्डं, त्यामुळे 120 च्या तुकडीत प्रत्येकाला पुरणार नाहीत, तिथे दोघांत एक द्या, उलट चर्चा बरी होते. फुकट अकाउंटमध्ये प्रश्नांच्या एका सेटला 5 प्रश्नांची मर्यादा, मला तेवढे लागतच नाहीत. मुलांच्या पाठीमागे उघडी खिडकी असेल तर कार्डं काळोखी दिसतात, पडदा ओढा. आकृतीवर बोट आलं की कार्ड वाचलं जात नाही, कडेला धरायला शिकवा. आणि कार्डाला चेहरा कळत नाही, दोस्ताचं कार्ड दुसऱ्या हातात धरणारे महाभाग निघतातच, म्हणून याचे इंटर्नलचे मार्क अजिबात ठेवू नका, हजेरी तर नाहीच नाही. मार्क ठेवले की पोरं हुशार मुलाकडे बघून कार्ड फिरवणार आणि तुम्हाला खोटं हिरवं दिसणार.

प्रश्न बनवणं हे सगळ्यात कष्टाचं काम, आणि त्यात अ‍ॅपचा काडीचा उपयोग नाही. "न्यूटनने नियम किती दिले" असले प्रश्न टाकणार असाल तर कार्डं छापूच नका.

छापणार असाल तर जाड कार्डशीटवर काढा. झेरॉक्सवाला चकचकीत लॅमिनेशन करून देतो म्हणेल, सरळ नाही म्हणा, ट्यूबलाइट त्यावर चमकते आणि कॅमेऱ्याला काही दिसत नाही, मॅट असेल तरच करा. आणि 40 कार्डांचा सेट काढू नका, एकदम 63 चाच काढा, अ‍ॅडमिशन वाढल्या की परत दुकानात जावं लागतं.