द्राक्षबागेतलं स्वयंचलित हवामान केंद्र: घ्यावं, पण या अटींवर

निफाड-दिंडोरीच्या बागांमध्ये आता जागोजागी दिसणाऱ्या या यंत्रात सगळ्यात मोलाचा भाग कुठला, तर पानाचा ओलावा मोजणारी पट्टी. डाऊनी आणि भुरी हे द्राक्षावरचे दोन बुरशीजन्य रोग. डाऊनीला पान ओलं लागतं, भुरीला लागत नाही. रात्री पान किती तास ओलं होतं आणि तेव्हा तापमान किती होतं, हे कळलं की फवारणी आज घ्यायची की थांबायचं, हे अंदाजावर सोडावं लागत नाही. निर्यातीच्या बागेत एक फवारणी वाचली तर औषध आणि डिझेल वाचतंच, शिवाय मालातल्या औषधाच्या अवशेषांची धास्ती कमी होते. एवढ्यासाठी हे यंत्र घ्यावं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

बसवताना मात्र विक्रेत्याचा माणूस सगळं एकाच खांबावर ठोकून जातो. तसं करू देऊ नका. ओलाव्याची पट्टी वेलीच्या आत, घडाच्या उंचीवर, उत्तरेकडे तोंड करून साधारण 45 अंशांत तिरपी हवी. पर्जन्यमापक मात्र मोकळ्यावर, मांडव आणि झाडांपासून लांब. सोलर पॅनल दक्षिणेला 20 अंशांत ठेवा. पॅनलवर काडीची सावली पडली तर ढगाळ आठवड्यात, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हाच, बॅटरी बसते. ब्लोअरने (फवारणी यंत्राने) मारलेल्या बोर्डो-गंधक या बुरशीनाशकांचा थर पट्टीवर साचला की ती कोरडी असताना ओली दाखवते. दर पंधरा दिवसांनी डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ फडक्याने पुसा.

पर्जन्यमापक आल्याआल्या तपासा. नरसाळं 20 सेंटिमीटर व्यासाचं असेल तर 314 मिलिलिटर पाणी म्हणजे 10 मिलिमीटर पाऊस. नरसाळ्याखालची, पाणी मोजणारी छोटी बादली दर 0.2 मिलिमीटर पावसाला उलटत असेल, तर एवढं पाणी तासाभरात थेंबथेंब सोडल्यावर 50 वेळा उलटायला हवी. 48 ते 52 चालेल. त्याहून कमी वेळा उलटली तर बहुतेक वेळा आत कोळ्याचं जाळं किंवा माती असते. एक उणीव यंत्राच्या रचनेतच आहे: धो-धो पावसात बादली उलटतानाचं पाणी निसटतं आणि नोंद कमी पडते.

ही उणीव आता जास्त बोचते. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरू शकते, त्यामुळे पाऊस पडतो तेव्हा जोरात पडण्याची शक्यता वाढते. 26 नोव्हेंबर 2023 ला निफाड तालुक्यात अवकाळी पावसासोबत गारा पडल्या आणि बागा झोडपल्या गेल्या. असा एखादा दिवस पाहून हवामान बदलाचा निष्कर्ष काढता येत नाही. सरासरीसाठी साधारण 30 वर्षांच्या नोंदी लागतात. म्हणूनच बागेतल्या केंद्राची जागा मधेच हलवू नका, नाहीतर जुन्या-नव्या आकड्यांची तुलनाच बाद होते. गारपिटीची आगाऊ सूचनाही हे यंत्र देत नाही. मोबाईलवरचा अंदाज बाहेरच्या मॉडेलमधून येतो.

फळपीक विम्याच्या दाव्यात तुमचे आकडे धरले जात नाहीत. तिथे महसूल मंडळातलं (काही गावांच्या गटातलं) विम्यासाठी ठरवलेलं संदर्भ हवामान केंद्रच चालतं. तरी ते केंद्र आणि आपलं यांची सकाळी साडेआठची पावसाची नोंद रोज शेजारी-शेजारी लिहून ठेवा, म्हणजे दोन्हींत किती फरक पडतो ते कळेल.

दुसऱ्या वर्षापासूनचं सदस्यत्व शुल्क लेखी घ्या. आणि 15-15 मिनिटांच्या कच्च्या नोंदी एक्सेलमध्ये उतरवून मिळणार नसतील, तर ते यंत्र घेऊ नका.