गॅस गेजचा काटा: गळती पकडायला चांगला, गॅस मोजायला बिनकामाचा (३ स्टार)

सरळच सांगते, सिलिंडरमध्ये गॅस किती उरलाय ते कळावं म्हणून हे घेत असाल तर पैसे वाचवा. गळती तपासायला घेत असाल तर मात्र खुशाल घ्या, ते काम चोख करतं. तीन स्टार त्या कामाचेच आहेत.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी, हे सिलिंडरच्या व्हॉल्व्हवर बसतं आणि याच्या डोक्यावर आपला नेहमीचा रेग्युलेटर लागतो. गोल डायल, त्यात हिरवा-पिवळा-लाल पट्टा, बाजूला बंद-चालू करायचा नॉब. आमच्या दिरांनी नाशिकच्या रविवार कारंज्यावरून आणलं. ब्रँड लिहीत नाही, कारण जे सांगणारे ते या प्रकारच्या सगळ्याच गेजला लागू आहे. बॉडी मजबूत आहे, बसवताना झटापट नाही. पण खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलंय की हिरवा म्हणजे भरलेला, पिवळा म्हणजे अर्धा, लाल म्हणजे संपत आला, आणि इथेच सगळा घोळ आहे.

मी सिडकोत अकरावी-बारावीच्या केमिस्ट्रीच्या ट्यूशन घेते त्यामुळे पहिल्या दिवसापासून या काट्यावर डोळा ठेवून होते. नवीन सिलिंडर लावला, काटा हिरव्यात. दोन आठवडे गेले, सकाळ-संध्याकाळ स्वयंपाक, पाहुणे, तरी काटा हिरव्यातच. मग डिसेंबरात थंडी पडली (निफाडला तर विचारूच नका) आणि एका सकाळी काटा पिवळ्यात, सासूबाई म्हणाल्या अगं अर्धा संपला वाटतं, बुकिंग कर. दुपारी ऊन तापल्यावर तोच काटा परत हिरव्याकडे! गॅस काय कोणी येऊन भरून गेलं नव्हतं. म्हणजे हा काटा खरं तर आपल्याला नाशिकचं हवामान सांगतोय.

कारण असं की आपण गॅस गॅस म्हणतो पण सिलिंडरच्या आत बहुतेक माल द्रवच असतो, प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण. वरच्या मोकळ्या जागेत त्याची वाफ. द्रवातले काही रेणू सुटून वाफेत जातात, वाफेतले काही परत द्रवात येतात आणि दोन्हीचा वेग सारखा झाला की दाब एका जागी ठरतो. हा दाब तापमानावर आणि मिश्रणात काय किती आहे त्यावर ठरतो, खाली द्रव बारा किलो आहे की दोन किलो याच्याशी त्याला देणंघेणं नाही. २० अंशांना नुसत्या प्रोपेनचा दाब ८ बारच्या आसपास (एक बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेचा दाब), ब्युटेनचा २ च्या आसपास, आणि ४० अंशांना तेच आकडे साधारण साडेतेरा आणि पावणेचारच्या घरात जातात. मग एप्रिलच्या दुपारी आणि जानेवारीच्या पहाटे काटा एकच कसा दाखवेल?

आता दोघांत एवढा फरक का, तर रेणूंची आपसातली ओढ. प्रोपेन आणि ब्युटेन दोन्हीत रेणूंना धरून ठेवायला लंडन फोर्सेस, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या हालचालीमुळे रेणूंमध्ये क्षणभर निर्माण होणारी हलकी ओढ, सोडून फारसं काही नाही (लंडन शहर नाही हो, फ्रिट्झ लंडन नावाचे शास्त्रज्ञ, १९३० च्या सुमाराचं काम). ब्युटेनचा रेणू मोठा, इलेक्ट्रॉन जास्त, म्हणून ओढ जास्त, म्हणून तो उणे अर्ध्या अंशाला उकळतो आणि प्रोपेन उणे ४२ लाच. पाण्याचा रेणू या दोघांपेक्षा हलका तरी १०० अंश लागतात कारण तिथे हायड्रोजन बाँडिंग आहे, म्हणजे एका रेणूचा हायड्रोजन शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनला घट्ट ओढून धरतो. पोरं हे पाठ करतात आणि पेपरात लिहितात पण घरच्या ओट्याखाली तेच चाललंय हे त्यांच्या डोक्यात येत नाही, म्हणून आता मी हे गेजच वर्गात दाखवते. त्या हिशोबाने पैसे वसूल!

अजून एक गंमत. एकदा पुऱ्या तळायला घेतल्या, दोन्ही बर्नर फुल, बराच वेळ. काटा हळूहळू खाली यायला लागला, सिलिंडरला हात लावला तर खालचा भाग गार आणि बाहेरून ओलसर. द्रवाची वाफ व्हायला उष्णता लागते, ती द्रव स्वतःतूनच काढतो, गार होतो आणि दाब उतरतो. गॅस बंद करून जेवणं उरकली तोवर काटा परत वर. खोक्यावरच्या माहितीप्रमाणे तेवढ्या वेळात सिलिंडर अर्धा संपून परत भरला म्हणायचं.

बरं काटा कधीच खाली येत नाही असंही नाही. प्रोपेन जरा जास्त वेगाने निघून जातो, मागे ब्युटेन उरतो, त्यामुळे महिनाभरात दाब थोडा उतरतो पण तो फरक थंडी-उन्हाच्या फरकात हरवून जातो. खरा सुसाट खाली येतो तो द्रव पूर्ण संपल्यावर. तेव्हा आत किती उरतं त्याचा हिशोब करा: १४.२ किलोच्या सिलिंडरची आतली जागा ३३.३ लिटर, दाब ४ बार धरा, तापमान २५ अंश, पीव्ही बरोबर एनआरटी (दाब, जागा आणि तापमानावरून गॅस किती ते सांगणारं आदर्श वायूचं सूत्र) लावलं की साडेपाचच्या जवळपास मोल (रेणू मोजायचं एकक) येतात, म्हणजे जेमतेम ३०० ग्रॅम. एका दिवसाचा स्वयंपाक! लाल पट्टा बघून बुकिंग केलं तर सिलिंडर येईपर्यंत इंडक्शनवर खिचडी.

हाच काटा सीएनजी रिक्षात असता तर खरं बोलला असता. सीएनजी म्हणजे मिथेन, त्याचं क्रिटिकल तापमान (ज्याच्या वर गॅस नुसत्या दाबाने द्रव होत नाही ते) उणे ८२ अंशांच्या आसपास, त्यामुळे आपल्या हवेत कितीही दाबा तो द्रव होत नाही, टाकीत २०० बारला गॅस म्हणूनच राहतो. तिथे दाब निम्मा झाला की गॅसही साधारण निम्मा, अगदी काटेकोर नाही कारण एवढ्या दाबाला गॅस त्या आदर्श सूत्राप्रमाणे वागत नाही आणि व्हॅन डर वाल्स साहेबांना १८७३ साली त्यासाठी वेगळं समीकरण मांडावं लागलं, पण रिक्षावाल्याला रांगेत कधी लागायचं तेवढं कळतं. हे गेज बनवणाऱ्यांनी तिकडची आयडिया उचलून इकडे चिकटवली असं माझं मत.

मग गॅस किती उरला ते बघायचं कसं? ओल्या फडक्याने सिलिंडर पुसा आणि थोडं थांबा, वरचा भाग आधी वाळतो, जिथपर्यंत द्रव आहे तिथपर्यंत ओल टिकते. फुकट आणि गेजपेक्षा खरं. नाहीतर सरळ वजन करा, रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्यावरच लिहिलेलं असतं, ते वजा करायचं. इंडेनचे ते नवे कंपोझिट सिलिंडर मिळत असतील तर अजून छान, त्यातून द्रवाची पातळी डोळ्याने दिसते. सासूबाई अजून सिलिंडर हलवून बघतात आणि त्यांचा अंदाज या काट्यापेक्षा बरा असतो, हे मी घरात बोलून दाखवलेलं नाही.

आता गळतीचं, कारण त्यासाठी मी हे काढून टाकलेलं नाही. रात्री शेगडीचे नॉब बंद करायचे, मग गेजचा नॉब बंद करायचा, काटा कुठे आहे ते बघायचं आणि दहा-पंधरा मिनिटांनी परत बघायचं. पुढे नळीत किंवा शेगडीत कुठे गळत असेल तर अडकलेला दाब उतरतो आणि काटा खाली येतो. आमच्याकडे एकदा आला, मग साबणाचं पाणी लावून बघितलं तर शेगडीच्या जोडावर बुडबुडे. साबण पाण्याचा पृष्ठताण कमी करतो म्हणून एवढ्याशा गळतीलाही बुडबुडा टिकतो, नुसत्या पाण्याने तो लगेच फुटला असता. नळी बदलली, प्रश्न मिटला. नाकाने हे कळलं नव्हतं कारण हा गॅस हवेपेक्षा जड, हवेचा रेणूभार सरासरी २९ धरला तर प्रोपेनचा ४४ आणि ब्युटेनचा ५८, तो खाली फरशीलगत बसतो. वास आला तर मात्र गेजबिज बघत बसू नका, रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, कुठलंही बटण दाबायचं नाही आणि घराबाहेर जाऊन १९०६ ला फोन.

विक्रेत्याला खोक्यावरच्या त्या रंगीत पट्ट्यांबद्दल विचारलं तर म्हणाला, मॅडम सगळे घेतात, कोणी तक्रार करत नाही. दोन स्टार तिथे कापले. वॉशर वर्षभरात कडक झाला तर सुटा मिळतो का याचंही उत्तर त्याच्याकडे नव्हतं, घेताना ते आधी विचारून घ्या.